गच्ची कुणाची, ऊन कुणाचे?

मराठीत 'फुकट' या शब्दाला प्रतिष्ठा नाही. श्रम वाया गेले की ते 'फुकट गेले' असे आपण म्हणतो, आणि दुसऱ्याच्या जिवावर खाणारा तो फुकट्या. 'मोफत' त्यामानाने सभ्य आहे. वाचनालय मोफत असते, औषधोपचार मोफत असतो. त्यामागे कुणीतरी दाता उभा आहे याची जाणीव त्या शब्दात अजून शिल्लक आहे. हिंदीतल्या 'मुफ्त'ने मात्र हे दोन्ही अर्थ पोटात घेतले आहेत. दोन भाषांच्या कुंपणावर आयुष्य काढणाऱ्या आपल्यासारख्यांना असले फरक चटकन जाणवतात. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र सरकारने 'प्रधानमंत्री सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' सुरू केली. इंदुरात फलक हिंदीत लागले आणि आमच्या मराठी घरांतून बोलणे सुरू झाले ते 'आता वीज फुकट मिळणार' असे. गच्चीवरच्या पॅनेलांतून येणारी ही वीज वरच्या शब्दांपैकी नेमक्या कोणत्या शब्दात बसते, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. प्रश्न शब्दांचा दिसतो, पण तसा तो नाही.

आधी हिशोब मांडू. मध्यम कुटुंबाला तीन किलोवॉटची यंत्रणा पुरते. सरकारने धरलेला आधारखर्च पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ५० हजार आणि तिसऱ्याला ४५ हजार, म्हणजे एकूण १ लाख ४५ हजार रुपये. पैकी पहिल्या दोहोंवर ६० टक्के आणि तिसऱ्यावर ४० टक्के अनुदान; त्याची बेरीज ७८ हजार. तीनच्या वर कितीही बसवा, अनुदान तेवढेच. पॅनेल आणि त्यांतले सेल दोन्ही भारतात बनलेले हवेत, ही अट. सरकारी आधारखर्च आणि बाजार यांचे सहसा जमत नाही. २०२४ साली मला मिळालेला अंदाज १ लाख ९० हजारांचा होता, कारण पाण्याच्या टाकीची सावली चुकवायला सांगाडा उंच घ्यावा लागत होता. (पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये या सामानावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तो फायदा माझ्या मागून येणाऱ्यांना.) अनुदान वजा जाता पदरचे १ लाख १२ हजार गेले. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॉट दिवसाला सरासरी चारेक युनिट देतो. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. माझे बिल महिन्याला सुमारे दोन हजारांनी उतरले. छप्पन्न महिन्यांत पैसे वसूल, आणि पॅनेलांचे आयुष्य पंचवीस वर्षांचे धरतात. पुण्यातला माझा मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, बँकेतल्या कुठल्याही ठेवीपेक्षा हे बरं."

येथे पहिली नैतिक शंका निघते, आणि ती मी लवकर संपवणार आहे. ठेवीपेक्षा बरे म्हणून केलेल्या कृत्याला सत्कृत्य म्हणावे काय? जर्मन तत्त्वज्ञ कान्ट याने १७८५ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात एका दुकानदाराचे उदाहरण घेतले आहे. हा दुकानदार लहान मुलालाही फसवीत नाही. पण ते धंद्याचे नाव राहावे म्हणून. कान्टच्या मते त्याचे वागणे कर्तव्याला धरून असले तरी कर्तव्यबुद्धीने केलेले नाही, म्हणून त्याला नैतिक मोल नाही. एम.ए.ला असताना हा युक्तिवाद मला फार उंचीवरचा वाटे. आज असे वाटते, की मुलाला माप बरोबर मिळाले हीसुद्धा काही लहान गोष्ट नव्हे. मराठी माणसाला 'आधी प्रपंच करावा नेटका' ही शिकवण आहेच. ज्याला पृथ्वीची काळजी आहे त्याने पॅनेल बसवावीत आणि ज्याला बिलाची आहे त्यानेही बसवावीत; कोळसा दोघांचाही सारखाच वाचतो. हा मुद्दा मला येथेच सोडायचा आहे, कारण त्याहून जड मुद्दा एके सकाळी आमच्या स्वयंपाकघरातून आला.

आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाई मूळच्या बऱ्हाणपूरकडच्या. सांगाडा चढत होता तेव्हा त्यांनी त्याची किंमत विचारली. सरकारने त्यातले ७८ हजार दिले म्हटल्यावर हातातले पातेले खाली ठेवून त्या म्हणाल्या, "सर, ऊन तं आमच्या पत्र्यावर बी पडतंच की. मंग आमाले काहून नाही भेटत?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि लक्षात आले, की योजनेच्या पुस्तिकेतली सगळी उत्तरे मला येतात, पण त्यांतले एकही या प्रश्नाचे नाही.

पुस्तिकेतले उत्तर असे. अनुदान मिळायला आपल्या मालकीचे छप्पर हवे आणि आपल्या नावावर वीजजोडणी हवी. बाईंचा पत्रा भाड्याचा आहे. शिवाय अनुदान नंतर येते. आधी सगळी रक्कम घालायची, पॅनेल चढवायची, तपासणी व्हायची, नेट मीटर बसायचा, मग पैसे खात्यात. कर्जाची सोय आहे, तीही तारण न मागता, पण बँकेच्या दारात उभे राहण्यासाठी ज्या कागदांची चवड लागते ती ज्याच्याकडे असते, तो बहुधा आधीच पक्क्या घरात राहत असतो. या योजनेसाठी ७५ हजार २१ कोटी रुपयांची तरतूद आहे आणि एक कोटी घरांचे उद्दिष्ट, २०२६-२७ पर्यंत. २०११ च्या जनगणनेत देशात पंचवीस कोटींच्या आसपास कुटुंबे होती. म्हणजे जी घरे बाहेर राहणार तीच फार. आणि तरतुदीतला पैसा येतो तो सर्वांकडून. बाई आयकर भरत नाहीत, पण त्या माझ्या घरी ज्या साबणाने भांडी घासतात आणि स्वतःच्या घरी ज्याने कपडे धुतात, त्या वडीतही कर आहे.

दुसरी बाजू सांगितली पाहिजे. मध्य प्रदेशात महिन्याला दीडशे युनिटांच्या आत वापर असेल, तर पहिल्या शंभर युनिटांना शंभर रुपयेच पडतात. उरलेले सरकार वीज कंपनीला देते. गरिबाला सरकारने विसरले आहे असे कुणी म्हणू नये. पण या दोन सवलतींचा एकमेकींशी असलेला संबंध पाहण्यासारखा आहे. ज्याचे बिल शंभर-दीडशे येते त्याला पॅनेलांत पैसे घालण्याचे काही कारणच उरत नाही. पॅनेले परवडतात ती तीनशे युनिटांच्या वर जाणाऱ्याला, कारण दर पायरीपायरीने चढतो आणि सर्वांत वरची पायरी सर्वांत महाग असते. वरच्या पायरीवरचा ग्राहक खालच्या पायरीवरच्याचा भार थोडाफार उचलीत असतो, अशीच ती रचना आहे. उद्या हे वरच्या पायरीवरचे ग्राहक एकेक करून गच्चीवर निघून गेले, तर तारा, खांब, रोहित्रे आणि पगार यांचा खर्च राहिलेल्यांच्या डोक्यावर येतो. किंवा सरकारच्या, म्हणजे पुन्हा त्यांच्याच.

हे नुसते भय नाही. जर्मनीने २००० साली कायदा करून गच्चीवरच्या विजेला वीस वर्षे ठरलेला भाव दिला आणि त्याचा खर्च अधिभार म्हणून सर्व वीजग्राहकांच्या बिलात घातला. गच्ची असलेल्यांना भाव मिळाला, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी अधिभार भरला. जुलै २०२२ मध्ये तो अधिभार रद्द झाला तोवर हे चालले. कॅलिफोर्नियात तर याच वादावरून एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांना तारेत सोडलेल्या विजेचा मोबदला बराच कमी करण्यात आला.

मात्र येथे माझ्याच युक्तिवादाचा पाय अडखळतो. जर्मनीतल्या भाडेकरूंनी भरलेल्या त्या पैशांमुळे पॅनेलांना मोठे गिऱ्हाईक मिळाले, कारखाने वाढले, किमती कोसळल्या. इंदुरातल्या शाळामास्तराला आज पॅनेल परवडते, त्यात बर्लिनमधल्या कुणा भाडेकरणीचा वाटा आहे. तिला कुणी विचारले नव्हते. तिच्यावर झाला तो अन्याय की तिच्या हातून घडले ते दान, हे मला ठरवता आलेले नाही. न विचारता घेतलेल्या पैशाला दान म्हणता येत नाही, एवढे मात्र कळते.

आणि कोळशाचेही आहे. हा अंक वाचणाऱ्यांतले काही जण बैतूल जिल्ह्यातल्या सारणीजवळचे असतील, काही खंडव्याकडचे. सारणीचे सातपुडा वीज केंद्र आणि खंडवा जिल्ह्यातले २,५२० मेगावॉटचे सिंगाजी केंद्र यांच्या चिमण्या त्यांच्या क्षितिजावर आहेत. राख त्यांच्या अंगणात पडते आणि दिवा इंदूरच्या दिवाणखान्यात लागतो. माझ्या गच्चीवर निर्माण झालेल्या युनिटामागे तेवढा कोळसा कमी जळतो, आणि हा लाभ मला कमी आणि तुम्हांला जास्त मिळतो. तेव्हा सरकारने मला ७८ हजार दिले ते माझ्यासाठी दिले, असे तरी का समजावे? अनुदानाचे खरे समर्थन हेच आहे, आणि ते मला मान्य आहे. पण मग ते पैसे माझ्या हाती एका कामासाठी सोपवलेले आहेत. माझ्या हुशारीचे बक्षीस म्हणून मी ते खिशात घालू शकत नाही.

इंदुरात राहून हे सांगताना अहिल्याबाईंची आठवण येणे अपरिहार्य आहे. होळकरांच्या कारभारात 'दौलत' आणि 'खासगी' असे दोन वेगळे हिशोब होते. खासगीची जहागीर पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे दिली होती, ती पुढे अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून रामेश्वरपर्यंतचे त्यांचे घाट, देवळे, अन्नछत्रे यांचा खर्च त्यांनी खासगीतून केला असे इतिहासकार सांगतात. ज्यांच्या हाती सगळी सत्ता होती त्यांनी ही रेघ पाळली. आमच्या गच्चीवर मात्र ही रेघ पुसली गेली आहे. १ लाख १२ हजार खासगी, ७८ हजार दौलत, आणि दोहोंतून निघणारी वीज एकाच तारेतून येते. कुठला युनिट कोणत्या खात्यातला?

अनुदान नाकारावे काय, याचा मी विचार केला. २०१५ मध्ये गॅसवरचे अनुदान सोडण्याची हाक सरकारने दिली तेव्हा एक कोटीहून अधिक कुटुंबांनी ते सोडले. आम्हीही सोडले होते. तेथे सोडलेल्या सवलतीच्या बदल्यात गरीब घरात चूल जाऊन शेगडी येईल, असे तरी सांगितले जात होते. येथे मी ७८ हजार सोडले असते तर ते बाईंच्या पत्र्यावर गेले नसते. रांगेतल्या पुढच्या गच्चीवाल्याकडे गेले असते. मला निव्वळ स्वच्छ मन मिळाले असते, तेही ७८ हजारांना. मी अनुदान घेतले.

ज्यांना गच्ची नाही त्यांच्यासाठी काही मार्ग आहेत, आणि ते या योजनेच्या जाहिरातीत जेवढे दिसायला हवेत तेवढे दिसत नाहीत. सदनिकांच्या सोसायट्यांना सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजारांचे अनुदान आहे. त्यातून जिन्यातला दिवा, पाण्याचा पंप, लिफ्ट चालते, आणि हे भाडेकरूलाही मिळते. महाराष्ट्राने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकांना केंद्राच्या अनुदानावर राज्याची भर देऊन एक किलोवॉट जवळजवळ सगळा सरकारी पैशांतून बसेल अशी सोय केली. सीमेपलीकडचे आपले नातेवाईक त्याबद्दल सांगतात तेव्हा अलीकडचे आपण ऐकत राहतो. आणि इंदूर महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये केले ते मला सर्वांत अधिक आवडले. नर्मदेचे पाणी खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर आणि विंध्याचा घाट चढवून या शहरात आणतात. १९७८ साली ते आले तेव्हा गावाने दिवाळी केली होती. पण ते चढवायला अफाट वीज लागते. जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी महानगरपालिकेने लोकांकडून २४४ कोटींचे हरित रोखे उभे केले, सव्वाआठ टक्के व्याजाने, कमीत कमी दहा हजार रुपये घालून. त्यात पैसे घालणाऱ्याला व्याज मिळते हे खरे. पण त्या उन्हावर चढलेले पाणी सार्वजनिक नळालाही येते, आणि नळाला कुणाचे छप्पर विचारावे लागत नाही.

एक तांत्रिक गोष्ट आहे, जी पॅनेल बसवणाऱ्या बहुतेकांना पहिल्या उन्हाळ्यात कळते आणि राग आणते. भर दुपारी ऊन रणरणते आहे, गच्चीवर तीन किलोवॉट तयार आहेत, आणि वीज कंपनीचा पुरवठा गेला की आपलेही घर बंद. बॅटरी घेतली तर गोष्ट वेगळी, पण तिचा खर्च आपला. साध्या यंत्रणेत इन्व्हर्टर बाहेरची तार मेली हे ओळखून स्वतःला बंद करतो, आणि ते मुद्दाम तसे केलेले असते. आपली वीज त्या मेलेल्या तारेत शिरली तर खांबावर चढलेला लाइनमन मरेल. आमच्या गल्लीत मे महिन्यात वीज गेली तेव्हा शेजारचे गृहस्थ गच्चीवरून ओरडले, "अहो, तुमचं तरी चालू ठेवा की!" मी त्यांना खांबावरचा माणूस दाखवला. पंचवीस-तीस वर्षांचा पोरगा, पायांत चपला. तो उतरेपर्यंत माझे ऊन वाया जाणार होते, आणि ते जायलाच हवे होते. रात्रीही मी त्याच तारेवर असतो. दिवसा जास्तीची वीज तिच्यात सोडतो, रात्री परत घेतो, मीटर वजाबाकी करतो. स्थिर आकार तेवढा भरतो. 'स्वतःची वीज' म्हणतात ती एवढी स्वतःची.

आता घरातला प्रश्न. आमचे घर वडिलांनी बांधलेले, खाली दादा आणि वहिनी, वर आम्ही. गच्ची दोघांची. दादाचा वापर दीडशे युनिटांच्या आत असल्याने त्याला सवलतीचे बिल येते आणि पॅनेलांची गरज नाही. "माझ्या वाट्याच्या गच्चीवर वाळवणं घालायला आता कोण आहे? घे तू," असे म्हणून त्याने आपली अर्धी गच्ची मला दिली. मागच्या अंगाची एक खोली आम्ही भाड्याने देतो. तीत सध्या दवाखान्यात काम करणारी एक परिचारिका राहते. तिची वीज माझ्या मीटरवरून सबमीटरने जाते, आणि कंपनी मला लावी तोच दर, युनिटला सात रुपये, मी तिला लावीत असे. पॅनेल बसल्यावर काय लावावे?

दादाचे म्हणणे सरळ होते. "पैसे तू घातलेस, गच्ची आपली. बाहेर वीज सात रुपयांची आहे, तर सातच घे. तिचं काय नुकसान?" तिचे नुकसान काहीच नव्हते, हे खरे. मी कागद घेऊन बसलो. पदरचे १ लाख १२ हजार, पंचवीस वर्षांत इन्व्हर्टर बदलणे, धुणेपुसणे यांचे चाळीस हजार धरले, आणि वर्षाला ३,६०० युनिट. भागाकार युनिटला दोन रुपयांच्या आतच येतो. अनुदान नसते तर अडीचच्या वर गेला असता. दोन आणि सात यांमधल्या पाच रुपयांत माझे कष्ट नाहीत. त्यांत सरकारचा पैसा आहे, सूर्य आहे आणि दादाची अर्धी गच्ची आहे. मी दर दोन रुपये केला, स्थिर आकारातला वाटा वेगळा. ती मुलगी दोनदा विचारायला आली, मीटर बिघडला आहे का म्हणून.

दादाला हे पटलेले नाही. "ते ऊन मी तुला दिलं होतं, भाडेकरूला नाही," असे तो म्हणतो, आणि या वाक्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. आमची सौ. त्याला म्हणते, "भाऊजी, तुम्हालाही ते कुणीतरी दिलंच होतं ना?" मग विषय चहावर जातो.

ही दोन रुपयांची गोष्ट बाईंच्या कानी गेली. त्यांचा घरमालक सबमीटरवर युनिटला दहा रुपये घेतो. चार खोल्या आणि मीटर एक, त्यामुळे एकूण वापर दीडशेच्या कितीतरी वर जातो आणि शंभर रुपयांची सरकारी सवलत चौघांपैकी कुणालाच लागू होत नाही. हे त्यांना समजावून सांगितले तेव्हा त्यांनी पुन्हा उन्हाचे नाव काढले नाही. आपल्या खोलीला वेगळा मीटर मिळावा म्हणून अर्ज लिहून मागितला. मी तो हिंदीत लिहून दिला. त्यावर घरमालकाची सही लागते. ती अजून झालेली नाही.